लग्नाचे गुण शून्य

८ मे १९४५ ला युरोपातलं दुसरं महायुद्ध संपलं. तेव्हा अमेरिकेचे तीस लाखांच्या आसपास सैनिक तिथे होते आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, घरी जाणं. जहाजं तेवढी नव्हती. तिकडे जपानशी युद्ध चालूच होतं. मग आधी कोणाला सोडायचं? लष्कराने त्यासाठी चक्क गुणपत्रिका तयार केली.

नोकरीच्या प्रत्येक महिन्याला एक गुण. तो महिना परदेशात काढला असेल तर आणखी एक. प्रत्येक मोहिमेला आणि प्रत्येक पदकाला पाच. लढाईत जखमी झाल्याबद्दल मिळणारं पदकही यातच. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे बारा, पण तीन मुलांपर्यंतच. बेरीज ८५ झाली की सामान बांधायचं. लग्न झालेलं असण्याला किती गुण? शून्य.

हिशेब करून पाहा. एखाद्याची अडीच वर्षं नोकरी झाली आहे, म्हणजे ३० गुण. त्यातले २० महिने परदेशात, म्हणून आणखी २०. दोन मोहिमांचे १०, एका जखमेचे ५. एकूण ६५. लग्न झालंय, पण भरतीच्या गडबडीत झालेलं. संसार असा झालाच नाही, मूल नाही. हा माणूस थांबणार. त्याच्याच बराकीतला, अगदी तेवढीच नोकरी आणि तेवढीच जखम असलेला दुसरा, घरी दोन मुलं आहेत म्हणून ८९ गुणांवर बोटीत चढणार. ही पद्धत काही कोणा दुष्ट अधिकाऱ्याने एकट्याने ठरवलेली नव्हती. लष्कराच्या संशोधन विभागाने सैनिकांची मतं विचारली होती आणि ‘मुलं असलेल्यांना आधी जाऊ द्या’ हे सैनिकांनीच सांगितलं होतं. माणुसकीचाच निर्णय होता तो. तरीही वाटतं, बायकोच्या आठवणीने रात्ररात्र जागणाऱ्या माणसाच्या शरीरात नेमकं काय चाललेलं असतं हे तेव्हा कोणाला मोजता आलं असतं, तर त्या रकान्यात निदान एखादा आकडा पडला असता.

ऑगस्टमध्ये जपानही शरण आला. आता लढाई कुठेच नव्हती. गुणांची अट हळूहळू खाली येत गेली, लाखो लोक परतले. पण ताब्यातल्या जर्मनीत, फिलिपाइन्समध्ये, जपानमध्ये माणसं ठेवणं भाग होतं. जानेवारी १९४६ च्या सुरुवातीला जाहीर झालं, की महिन्याला आठ लाखांऐवजी आता तीनच लाख सैनिक घरी सोडले जातील. आणि जे चार वर्षांच्या युद्धात घडलं नव्हतं ते घडलं. मनिलामध्ये हजारो अमेरिकी सैनिक रस्त्यावर उतरले. पॅरिस, फ्रँकफर्ट आणि आपल्या कोलकात्यातही निदर्शनं झाली. त्याच महिन्यात कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या लोकांनी कामबंद केला. घरी पाठवायला उशीर का, हा त्यांचा मुख्य सवाल होता, आणि बघता बघता ते लोण हिंदुस्थानातल्या आणि आग्नेय आशियातल्या कितीतरी तळांवर पसरलं. अमेरिकेत बायकांनी ‘बाबांना परत आणा’ अशा नावाचे गट काढले आणि खासदारांना टपालाने तान्ह्या बाळांचे बूट पाठवायला सुरुवात केली. लष्करप्रमुख आयझेनहॉवर संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला आले, तेव्हा या बायकांनी त्यांना गाठून जाब विचारला.

युद्ध चालू असताना जो विरह या माणसांनी सोसला, तो युद्ध संपल्यावर असा असह्य का झाला? गोळी लागण्याची भीती गेली होती. जेवण बरं होतं, डोक्यावर छप्पर होतं. सरळ हिशेबाने त्रास कमी व्हायला हवा होता. या कोड्याचं उत्तर द्यायला आज मेंदूविज्ञान बऱ्यापैकी तयार आहे. पण त्याआधी वैद्यकाच्या इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण हा आजार डॉक्टरांना कधीकाळी चांगला ठाऊक होता आणि मग ते तो विसरून गेले.

१६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुणाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात वैद्यकाचा प्रबंध सादर केला. घरापासून लांब गेलेल्या लोकांना होणाऱ्या एका आजाराचं त्यात वर्णन होतं. भूक मरते, झोप उडते, छातीत धडधडतं, ताप येतो, माणूस झिजत जातो. या आजाराला त्याने दोन ग्रीक शब्द जोडून नाव दिलं. एक शब्द घरी परतण्याचा आणि दुसरा वेदनेचा, मिळून ‘नॉस्टॅल्जिया’. आज जुनी गाणी ऐकताना येणाऱ्या गोड हुरहुरीला आपण हाच शब्द वापरतो, पण जन्माच्या वेळी ते एका रोगाचं नाव होतं. स्विस तरुण तेव्हा युरोपभरच्या राजांकडे भाडोत्री सैनिक म्हणून जात, म्हणून हा सैनिकांचाच आजार मानला गेला. कारणांबद्दल तर्कवितर्क रंगले. डोंगरातल्या विरळ हवेची सवय असलेल्या स्विसांना सखल प्रदेशातली जड हवा दाबते, असंही एका विद्वानाने मांडलं. उपचार मात्र होफरने साधा सांगितला होता. रोग्याला घरी पाठवा. शरीरात थोडी ताकद असतानाच पाठवा.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, उत्तरेच्या सैन्याच्या अधिकृत वैद्यकीय नोंदींत नॉस्टॅल्जियाचे पाच हजारांहून अधिक रुग्ण आहेत आणि त्याच रकान्यात मृत्यूही नोंदलेले आहेत. निव्वळ घरच्या ओढीने माणूस मरतो का? त्यांतल्या अनेकांना विषमज्वर, जुलाब, क्षय असणार हे आज सहज कळतं. पण न जेवणारा, न झोपणारा, अंथरुणातून उठायची इच्छा नसलेला रोगी अशा आजारांपुढे लवकर हरतो, हेही तितकंच खरं. त्या काळच्या थिओडोर कॅलहून या लष्करी शल्यवैद्याचं एक निरीक्षण आपल्या कोड्याच्या दृष्टीने मोलाचं आहे. छावणीत रिकामं बसलेल्या पलटणीत हा आजार फोफावतो आणि लढाईला तोंड लागलं की ओसरतो, असं त्याने नोंदवलं. रजा मिळण्याची आशा हाही त्याच्या मते उपायच. रोग्याची चेष्टा करून त्याला बरं करावं, असंही त्याने सुचवलं होतं. तो सल्ला मात्र वैद्यकाने वेळीच टाकून द्यायला हवा होता. दुर्दैवाने चेष्टा टिकली आणि रोगाचं नाव पुसलं गेलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ‘घरची आठवण येते’ ही डॉक्टरला सांगायची तक्रारच उरली नव्हती; ते पोरकटपणाचं लक्षण होतं. लष्करी डॉक्टर लढाईतल्या मानसिक कोसळण्यावर उपचार करत होते. युद्धानंतर जर्मनीतल्या तळांवर झपाट्याने वाढलेल्या गुप्तरोगांचे आकडेही ते नेमाने लिहीत होते. एकटेपणाचा रकाना कुठे नव्हता.

तो रकाना भरायला सुरुवात झाली ती एका लहानशा प्राण्यापासून. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा जीव राहतो. सस्तन प्राण्यांत फार थोडे जोडीने राहतात, त्यांतला हा एक. नर आणि मादी एकदा जमले की बिळ एक, पिल्लांचं करणं दोघांचं. त्यामुळे जोडीदाराबद्दलची ओढ मेंदूत कशी घडते हे शोधणाऱ्यांचा हा लाडका प्राणी. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या रसायनांचा जोडी जमण्याशी असलेला संबंध बराचसा याच प्राण्यात उलगडला.

२००९ मध्ये ऑलिव्हर बॉश, लॅरी यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा प्रश्न विचारला. जमलेली जोडी तोडली तर काय होतं? काही नरांना त्यांच्या मादीपासून काही दिवस दूर ठेवलं. काहींना, तुलनेसाठी, सोबत वाढलेल्या भावापासून दूर ठेवलं. मग त्यांना पाण्यात सोडलं. भावापासून तुटलेला नर हातपाय मारत राहिला. मादीपासून तुटलेला नर धडपड सोडून नुसता तरंगत राहिला. प्रयोगशाळेच्या भाषेत हे उदासीनतेचं लक्षण मानतात. त्याच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही वाढलेलं होतं.

यातला सगळ्यात विलक्षण भाग पुढे आहे. ताणाची साखळी सुरू करणारं सीआरएफ नावाचं एक रसायन मेंदूत असतं. मेंदूच्या एका विशिष्ट भागात ते बनवण्याची तयारी वाढलेली दिसली, पण ती केवळ ताटातूट झालेल्या नरांत नाही. मादीजवळ सुखाने नांदणाऱ्या नरांतही ती तितकीच वाढलेली होती! म्हणजे जोडी जमते तेव्हाच विरहाची दारू ठासून ठेवलेली असते. सोबत असेपर्यंत ती पेटत नाही, इतकंच. जोडीदार दूर झाला की ठिणगी पडते, जीव कासावीस होतो आणि परत फिरावंसं वाटतं. निसर्गाच्या दृष्टीने पाहिलं तर जोडी टिकवण्याची ही युक्ती असावी. संशोधकांनी औषधाने सीआरएफचा मार्ग अडवला, तेव्हा ताटातूट झालेला नर पुन्हा पोहू लागला.

व्होल म्हणजे माणूस नव्हे. पाण्यात तरंगणाऱ्या नराला ‘तिची आठवण’ येत होती का, हे कोणी सांगू शकत नाही. पण माणसांबद्दलही थोडंफार हाती आहे. यूटा विद्यापीठातल्या लिसा डायमंड यांनी २००८ मध्ये अशा जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांतला एक जण कामासाठी चार ते सात दिवस बाहेरगावी जातो. इतक्या छोट्या ताटातुटीतही झोप, मनःस्थिती आणि शारीरिक तक्रारी यांत फरक पडलेला दिसला. नात्याबद्दल मुळातच धास्तावलेल्या लोकांत तर लाळेतलं कॉर्टिसॉलही वाढलं. त्याआधी, २००६ मध्ये, जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूचं छायाचित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून, आता सौम्य विजेचा झटका बसेल अशी धास्ती दिली होती. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची घंटा सगळ्यात कमी वाजली. अनोळखी माणसाचा हात धरला तरी थोडा फरक पडला. हातात कोणाचाच हात नसताना ती पुरी वाजली. आणि लग्न जितकं सुखाचं, तितका नवऱ्याच्या हाताचा गुण जास्त. कोन यांचा अर्थ असा, की मेंदू एकटेपणाला मूळ स्थिती धरतच नाही. जोडीदार जवळ असणं ही त्याच्या दृष्टीने मूळ स्थिती आणि एकटं असणं म्हणजे जादा ओझं.

मग युद्धात हे ओझं कोण उचलत होतं? शेजारचा माणूस. खंदकात, बोटीत, तंबूत महिनोन् महिने एकत्र काढलेले सोबती हा सैनिकाचा दुसरा संसारच असतो. गुणपद्धतीने नेमका तोच मोडला. घरी पाठवायचं ते पलटणीला नव्हे, एकेका माणसाला. जास्त गुणांचे जुने सोबती निघून गेले, कमी गुणांचे उरलेले इकडून तिकडे नव्या तुकड्यांत टाकले गेले. लढाईची झिंग उतरलेली, ओळखीचे चेहरे गेलेले, दिवसभर कोठाराची मोजदाद नाहीतर पहारा. रिकाम्या छावणीबद्दल कॅलहूनने लिहून ठेवलेलं इथे जसंच्या तसं लागू पडत होतं.

तरीही माझ्या मते खरा घाव याहून वेगळा होता. त्या माणसाला घरी जायची तारीख माहीत नव्हती.

२०१६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये झालेला एक प्रयोग फार बोलका आहे. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसतात. कोणत्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचं. साप निघाला की हाताला खरोखरचा, दुखेल असा विजेचा झटका. संशोधक सापाची शक्यता सतत बदलत राहिले आणि खेळणाऱ्यांचा घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आणि त्यांनी स्वतः सांगितलेला ताण मोजत राहिले. झटका बसणारच हे नक्की असताना माणसं त्यामानाने शांत होती. सगळ्यात जास्त ताण आला तो बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना. नक्की असलेलं दुःख शरीर पचवायला घेतं. अनिश्चित असेल तर ते सतत पहाऱ्यावर उभं राहतं आणि असा पहारा महिनोन् महिने चालला तर झोप, पचन, रक्तदाब सगळ्यांनाच त्याची किंमत मोजावी लागते.

प्रयोगशाळेतलं हे निरीक्षण प्रत्यक्ष सैनिकांतही दिसलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २००७ मध्ये साडेपाच हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिकांची माहिती तपासली. तीन वर्षांत मिळून तेरा महिन्यांपेक्षा जास्त काळ परदेशी मोहिमेवर काढलेल्यांना मानसिक त्रास अधिक होता, हे अपेक्षितच होतं. पण मोहीम किती लांबली यासोबत आणखी एक गोष्ट पुढे आली. सांगितलेल्या मुदतीपेक्षा ती जास्त लांबली, अशांमध्ये आघातोत्तर ताणाचा विकार जास्त आढळला. सहा महिने म्हणून सांगून नऊ करणं आणि पहिल्यापासूनच नऊ सांगणं, शरीरासाठी या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

मराठी वाचकाला इथे रामटेक आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘मेघदूता’तल्या यक्षाला शाप होता तो मोजून एका वर्षाचा. आषाढात मेघ दिसला तेव्हा चारच महिने उरले होते आणि शाप संपण्याचा दिवसही ठरलेला होता, विष्णू शेषशय्येवरून उठतो तो, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी. तो झुरत होता, हातातलं कडं गळून पडावं इतका वाळला होता. वैद्यकाच्या नजरेने हे वजन घटल्याचं स्पष्ट लक्षण आहे. पण बायकोला निरोप पाठवताना त्याच्याकडे सांगायला एक तारीख होती. १९४६ च्या जानेवारीत मनिलातल्या सैनिकाकडे तीच नव्हती.

आपल्याकडच्या सैनिकांची गोष्ट याहून बिकट होती आणि ती फारशी सांगितली जात नाही. जपान शरण आल्यानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस, जावा बेटावरच्या सुराबायात हिंदी सैनिकांची एक ब्रिगेड इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांशी झालेल्या भीषण लढाईत सापडली. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची सहावी पलटण होती. महायुद्ध संपलं होतं, घरी जायचे दिवस आले होते, आणि माणसं मारली जात होती ती दुसऱ्याच कोणाच्या तरी वसाहतीसाठी. हिंदी सैनिकांच्या या वापराविरुद्ध नेहरूंसह अनेक नेत्यांनी आवाज उठवला. पुढच्या वर्षी मराठ्यांची पहिली पलटण ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखाली व्याप्त जपानमध्ये गेली आणि १९४७ मध्ये परतली. अमेरिकी सैनिकाच्या विरहावर निदान निदर्शनं झाली, बातम्या आल्या. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत तेव्हा किती बायकांनी दिवस मोजले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

शिवाय त्यांच्यापैकी अनेकांचा पत्रव्यवहार दोघांपुरता नसे. लिहिता न येणाऱ्या बाईला पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे आणि तिकडेही ते बहुधा दुसराच कोणी वाचून दाखवी. मध्ये लष्कराचा तपासनीस. सासू-सासऱ्यांचा नमस्कार, पाऊसपाणी, बैलाची खबर, मनीऑर्डर पोचल्याचा निरोप, हे सगळं त्यात मावे. नवरा-बायकोत बोलायचं ते मावत नसे. अमेरिकेने युद्धकाळात सैनिकांची पत्रं सूक्ष्म फिल्मवर उतरवून पाठवायची ‘व्ही-मेल’ योजना काढली होती. ३७ पोत्यांचं टपाल त्यामुळे एका पोत्यात मावे. पत्रांसाठी एवढा खटाटोप करणाऱ्या लष्कराला त्यांची ताकद नक्कीच कळलेली होती.

ती ताकद शरीरात कशी उतरते? विस्कॉन्सिन विद्यापीठात सात ते बारा वर्षांच्या मुलींवर केलेल्या एका प्रयोगात, अनोळखी लोकांपुढे भाषण करायला लावून त्यांना ताण दिला. नंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती फोनवर बोलली. दोन्ही गटांत ऑक्सिटोसिन जवळपास सारखंच वाढलं. २०१२ मध्ये त्याच संशोधकांनी तिसरा मार्ग तपासला. आईने आवाजाऐवजी टाइप करून निरोप पाठवले, तर मुलींच्या शरीरावर काही परिणामच झाला नाही; जणू आई भेटलीच नव्हती. हा प्रयोग मायलेकींचा आहे, नवरा-बायकोचा नाही. तरी दिवसभर व्हॉट्सॲपवर ‘जेवलास का’ विचारणाऱ्यांनी तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग पत्राचं काय? तेही मूकच असतं. पण लग्न झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या २०११ च्या एका अभ्यासात वेगळंच चित्र दिसलं. ज्यांचं लग्न समाधानाचं होतं, अशांमध्ये पत्रं, ईमेल, घरून येणाऱ्या वस्तू यांची ये-जा जास्त असेल तर आघातोत्तर ताणाची लक्षणं कमी होती. लग्नात मुळातच बेबनाव असेल तर मात्र उलटं. जितका संपर्क जास्त तितका त्रास जास्त. कशामुळे काय झालं, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. मला वाटतं, पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं, उशाखाली ठेवता येतं आणि लिहिणाऱ्याने ते विचार करून लिहिलेलं असतं. घाईतल्या, तुटणाऱ्या फोनला हे जमत नाही.

मागे राहिलेल्या बायकोचं शरीरही हेच भोगत असतं. २०१० मध्ये अमेरिकी लष्करातल्या अडीच लाख सैनिकांच्या बायकांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांचे नवरे इराक-अफगाणिस्तानात गेले होते, त्यांच्यात नैराश्य, झोपेचे आणि चिंतेचे विकार अधिक होते. नवरा जितका जास्त काळ बाहेर, तितकं प्रमाण वाढलेलं.

आणि भेट झाल्यावर सगळं सुरळीत होतं, असंही नाही. समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी महायुद्धानंतर आयोवा राज्यातल्या १३५ कुटुंबांचा अभ्यास करून १९४९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात एक विचार करायला लावणारी गोष्ट आहे. नवरा गेल्यावर ज्या घरांनी त्याची जागा पूर्ण भरून काढली, सगळे निर्णय, सगळी कामं त्याच्यावाचून बसवली, ती घरं विरहात भक्कम राहिली. पण तो परत आला तेव्हा त्याला बसायला जागाच उरली नव्हती. ज्या घरांनी काम भागवलं तरी दार किलकिलं ठेवलं, पत्रातून त्याला विचारत राहिले, त्यांचं पुनर्मिलन सोपं गेलं. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक घटस्फोट झाले, तोवरचे सर्वाधिक. घाईत झालेली लग्नं हे त्याचं एक कारण. पण दोन-तीन वर्षांनी दारात उभी राहिलेली व्यक्ती आठवणीतल्या व्यक्तीहून वेगळी असते, हेही कारण होतंच. लष्कराने थोडं शहाणपण दाखवलं ते एप्रिल १९४६ मध्ये. जर्मनीत थांबलेल्या सैनिकांच्या बायका-मुलांना घेऊन पहिलं जहाज ब्रेमरहाफेन बंदराला लागलं. माणूस घरी पाठवता येत नसेल तर घर त्याच्याकडे आणायचं.

आज आपल्या भोवती असे लोक काही कमी नाहीत. सीमेवरचे जवान आहेत, आखातात राबणारे आहेत, कोकण-गोव्यातले बोटींवर जाणारे आहेत. कोविडच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, जगभरात चार लाखांच्या आसपास जहाजी करार संपूनही बोटींवरच अडकले होते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. काम संपलेलं, तारीख नाही. मनिलाचीच गत.

अशा माणसाला काय सांगायचं? पहिलं म्हणजे, हा मनाचा कच्चेपणा नाही. मेंदू ज्यासाठी घडला आहे तेच तो करतोय. परतीची तारीख मालकाकडून, अधिकाऱ्याकडून स्पष्ट मागून घ्यावी आणि ती लांबणार असेल तर लगेच कळवा म्हणून सांगावं. घरच्यांनीही धीर द्यायला म्हणून खोटी तारीख सांगू नये. ती हुकली की आधीपेक्षा वाईट. बोलण्याची वेळ ठरलेली असावी, कारण ‘जमेल तेव्हा करतो’ ही घरच्याघरी तयार केलेली अनिश्चितताच आहे. शक्यतो आवाज ऐकावा. मुलाची शाळा, छपराची दुरुस्ती, बहिणीचं स्थळ, असं काहीतरी त्याला विचारून ठरवावं. दारू टाळावी, तिने झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे ती मोडते.

आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, वजन उतरू लागलं, कशातच रस उरला नाही किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर ते अंगावर काढू नये. सरकारच्या ‘टेली-मानस’ या सेवेवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येतं, आणि तिथे दूर असलेल्या माणसाइतकंच घरी वाट पाहणारीनेही फोन करायला हवा. डॉक्टरांनाही एक विनंती आहे. न कळणारी छातीतली धडधड, न लागणारी झोप घेऊन कोणी आलं, तर तपासण्यांच्या यादीआधी ‘घरी कोण असतं, शेवटचं कधी भेटलात आणि आता कधी जाणार?’ एवढं विचारून घ्यावं. होफरच्या काळी रोगाचं निदान याच प्रश्नांवर होत असे.